लॅपटॉप आधी की पेरणी आधी? कॉलेजसाठी लॅपटॉप निवडताना

ज्यांना भाग ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्या गावात रेंज दोन काड्यांच्या वर जात नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोललो तेच इथे आहे. फक्त माझं अडखळणं काढून टाकलंय आणि आकडे पुन्हा तपासून घेतलेत.

आजचा विषय एका फोनवरून सुचला. जून महिना, सीईटीचा निकाल नुकताच लागलेला. बीबीहून मामांचा फोन आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बीबी म्हणजे बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातलं आमचं गाव. मेहकरकडून सिंदखेडराजाकडे जाताना लागतं. मामा म्हणाले, "अरे, पोरगी म्हणते लॅपटॉपवर ऑफर आहे, उद्यापर्यंतच. बासष्ट हजार. घेऊन टाकू का? का आधी पेरणी होऊ देऊ?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून घरात 'कॉम्प्युटरचं त्याला विचारा' असं ठरलेलंच आहे. पण मामांच्या प्रश्नातला अर्धा भाग कॉम्प्युटरचा नव्हताच, तो शेतीचा होता. आणि लॅपटॉपवरच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये नेमका हाच अर्धा भाग सुटतो.

आधी हिशेब क्विंटलमध्ये

२०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. बासष्ट हजार भागिले ५,३२८ केलं तर येतात साडेअकरा क्विंटलच्या वर. एकरी सात क्विंटल धरले, तर पावणेदोन एकरांच्या जवळपास माल झाला. तोही बियाणं, खत, फवारणी, मळणी यांचा खर्च वजा न करता, आणि बाजारात हमीभाव मिळाला तर! तो मिळतोच असं नाही, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. लॅपटॉप लागतो, आणि चांगला घेतला तर चार वर्षं सोडा, पाच-सहा वर्षं चालतो. पण 'पाच हजार जास्त गेले तर काय होतं' असं दुकानात कुणी म्हणालं, तर ते पाच हजार म्हणजे जवळपास एक क्विंटल, हे डोक्यात असू द्या.

माझं काय चुकलं होतं

२०१६ साली माझा इंजिनिअरिंगला नंबर लागला. तेव्हाही जूनच होता. बाबांनी पेरणीसाठी ठेवलेल्या पैशातून लॅपटॉप घेतला आणि बियाणं उधारीवर आणलं. ती उधारी व्याजासकट दिवाळीनंतर फिटली. शहरातल्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो होतो. दुकानदारानं तीन आकडे सांगितले : १ टीबी हार्ड डिस्क, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, १५.६ इंच स्क्रीन. तिन्ही आकडे मोठे वाटले, घेतला.

रॅम होती ४ जीबी. ते आम्ही विचारलंच नाही.

दुसऱ्या वर्षापर्यंत तो लॅपटॉप चालू व्हायला चार-पाच मिनिटं घ्यायला लागला. मी बटण दाबून चहा टाकायला जायचो, खरंच. १ टीबीपैकी ८०० जीबी शेवटपर्यंत रिकामी होती. ग्राफिक्स कार्ड चार वर्षांत कदाचित दहा वेळा कामाला आलं असेल. २०१८ मध्ये मित्राच्या सांगण्यावरून एक २४० जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक रॅम टाकली. तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटात चालू व्हायला लागला.

तेव्हा एक गोष्ट कळली, आणि आजचा सगळा भाग तिच्यावरच उभा आहे. लॅपटॉपमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही नंतर बदलता येतात, काही येत नाहीत. जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे घाला. जे बदलता येतं ते गरज पडेल तेव्हा बघू.

पण आधी : कधी घ्यायचा?

मामांना मी पहिलं हेच सांगितलं. आत्ता घेऊ नका.

पहिलं कारण, कॉलेज आणि शाखा अजून पक्की नाही. कॅप राउंड व्हायचेत. कॉम्प्युटर लागतं की सिव्हिल, की ती ऐनवेळी फार्मसीला जाते, यावर लॅपटॉप ठरतो.

दुसरं, इंजिनिअरिंगचं पहिलं सेमिस्टर म्हणजे बरंचसं गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, थोडं इलेक्ट्रिकल आणि सुरुवातीचं प्रोग्रामिंग. सी भाषेतले पहिले प्रोग्रॅम कॉलेजच्या लॅबमध्ये होतात. त्यासाठी बासष्ट हजारांचं यंत्र लागत नाही.

तिसरं कारण आपल्याकडचं. जूनमध्ये घरात पैसा असतो तो पेरणीचा असतो. सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीला, आणि दुकानांच्या, ऑनलाइनच्या मोठ्या सवलतीही त्याच सुमारास असतात. 'ऑफर उद्यापर्यंतच' हे वाक्य वर्षातून पंधरा वेळा येतं. एक मात्र पाहा, भाव पडलेला असताना फक्त लॅपटॉपसाठी माल काढू नका. महिनाभर थांबल्यानं अभ्यास बुडत नाही.

आणि शैक्षणिक कर्ज घेणारच असाल तर हे लक्षात ठेवा : इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी लागणारा कॉम्प्युटर हा खर्च धरलेला आहे. कर्जाचा अर्ज भरतानाच बँकेत विचारा. नंतर हप्त्यावर वेगळा लॅपटॉप घेण्यापेक्षा ते बरं. 'नो कॉस्ट' हप्त्यावरही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, तो बारीक अक्षरांत असतो.

नंतर बदलता येत नाही ते

*प्रोसेसर.* 'आय फाइव्ह आहे' एवढं ऐकून खूश होऊ नका. आय फाइव्ह दहा वर्षांपूर्वीचाही असतो आणि गेल्या वर्षीचाही. त्यापुढचा आकडा वाचा. आय फाइव्ह ११३५जी७ म्हणजे अकरावी पिढी, १२३५यू म्हणजे बारावी, १३३५यू म्हणजे तेरावी. आता इंटेलनं 'आय' काढून नुसतं कोअर ५, कोअर ७, कोअर अल्ट्रा अशी नावं ठेवलीत, त्यामुळे गोंधळ अजून वाढलाय.

एएमडीमध्ये तर गंमतच आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, एका आकड्याचा फरक. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. ७५२०यू मध्ये झेन २ आहे, जी रचना २०१९ ची. ७५३०यू मध्ये झेन ३ आहे. डब्यावर दोन्हींना 'रायझन ५, ७००० सिरीज' असंच लिहितात. मामेबहिणीनं पाठवलेल्या ऑफरच्या यादीत स्वस्त वाटणारे दोन लॅपटॉप ७५२०यू चे होते.

सेलेरॉन, किंवा इंटेल एन१०० सारखे छोटे प्रोसेसर नोट्स, व्हिडिओ लेक्चर, वर्ड-एक्सेल यांना चालतात. बीए, बीकॉमला भागतं. कॉम्प्युटर शाखेला तिसऱ्या वर्षी दम तोडतात.

*रॅम, पण सोल्डर केलेली असेल तर.* काही लॅपटॉपमध्ये रॅम खाचेत बसवलेली असते, काढता-घालता येते. काहींमध्ये ती मदरबोर्डवर डाग देऊन कायमची बसवलेली असते. मघाचा ७५२०यू ज्या लॅपटॉपमध्ये असतो, त्यात ती डाग दिलेलीच असते. तिथे ८ जीबी म्हणजे जन्मभर ८ जीबी. त्यामुळे विचारायचा प्रश्न 'रॅम किती?' एवढाच नाही. 'रॅमचा स्लॉट मोकळा आहे का?' हाही आहे. कॉम्प्युटर, आयटी, एआय शाखेला १६ जीबी धरा. अँड्रॉइड स्टुडिओ उघडून त्यात एम्युलेटर चालवला की ८ जीबीत पंखा ओरडायला लागतो. बाकी बहुतेकांना आज ८ जीबी आणि एक मोकळा स्लॉट हा चांगला सौदा आहे. पण २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती एकदम चढल्या, म्हणून 'नंतर टाकू' म्हणण्याआधी आजचा फरक आणि सुट्या रॅमची किंमत दोन्ही विचारून घ्या.

*स्क्रीन.* रोज सहा तास जिच्याकडे बघायचं तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. आयपीएस पॅनल घ्या. स्वस्तातला टीएन पॅनल थोडा बाजूनं पाहिला की रंग उडतात. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्स खोलीत ठीक आहे. ओसरीवर किंवा खिडकीत बसून वाचायचं तर ३०० किंवा त्यापेक्षा जास्त बरे. १९२० बाय १२०० असं लिहिलं असेल तर स्क्रीन थोडी उंच असते, पीडीएफ वाचायला दोन-चार ओळी जास्त दिसतात.

*कीबोर्ड आणि बिजागऱ्या.* दुकानात जाऊन दोन परिच्छेद टाइप करून बघा, लाजू नका. झाकण एका हातानं चार वेळा उघडा. माझ्या लॅपटॉपची बिजागरी तिसऱ्या वर्षी निखळली आणि पुढचं दीड वर्ष मी तो भिंतीला टेकवून वापरला.

*वजन.* एसटीनं, शेअर जीपनं, हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर ते ओझं तुम्हीच नेणार आहात. दीड किलोच्या आसपास असेल तर बॅगेत पुस्तकंही राहतात. गेमिंग लॅपटॉप दोन किलोच्या वर जातो आणि त्याचा चार्जर वेगळी वीट असते.

नंतर बदलता येतं ते

एसएसडी. २५६ जीबी घेऊन नंतर ५१२ करता येते, बहुतेक लॅपटॉपमध्ये. फक्त 'ईएमएमसी' असं लिहिलेलं असेल तर घेऊ नका. ती संथ असते आणि मदरबोर्डवरच बसवलेली असते. नुसती हार्ड डिस्क तर आता कुणी फुकट दिली तरी नको.

बॅटरीही बदलता येते, पण ती किती टिकेल हे आधी कळायला हवं. 'दहा तास बॅकअप' या जाहिरातीवर जाऊ नका, वॉट-अवर बघा. ४२ वॉट-अवरची बॅटरी आहे आणि नोट्स काढताना, वाचताना लॅपटॉप सरासरी ७ वॉट खातो असं धरलं, तर ४२ भागिले ७, सहा तास. दोन-तीन वर्षांत तीच चार-साडेचार तासांवर येते. गावात लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून ५० वॉट-अवर किंवा जास्त मिळत असेल तर बघाच. टाइप-सीनं चार्ज होणारा असला तर आणखी चांगलं, कारण चार्जर हरवला तरी हॉस्टेलमध्ये कुणाचा तरी मिळतो.

कोणत्या शाखेला काय

कॉम्प्युटर-आयटी : १६ जीबी रॅम, मधल्या दर्जाचा अलीकडचा प्रोसेसर. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच असं नाही. एआय शिकायला सुरुवातीला गुगल कोलॅबवर मोफत जीपीयू मिळतो, फक्त इंटरनेट हवं.

मेकॅनिकल-सिव्हिल : इथे ग्राफिक्स कार्डाला अर्थ आहे, पण सॉलिडवर्क्स, रेव्हिटवर गंभीर काम साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू होतं. सीनिअरला विचारा. आणि ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत, मॅक घेऊन बसाल तर अडकाल.

बीकॉम : टॅली विंडोजवर चालतं, ८ जीबी पुरतात. बीए, बीएस्सी, एमपीएससीवाले : ८ जीबी, चांगली स्क्रीन, चांगला कीबोर्ड. यांनी पन्नास हजारांच्या वर जाण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

नोट्स : वही की लॅपटॉप?

मामेबहिणीचा युक्तिवाद होता, "दादा, सगळे लॅपटॉपवरच नोट्स काढतात." मी म्हणालो, काढू दे.

२०१४ साली अमेरिकेत पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. लॅपटॉपवर टाइप करणारे विद्यार्थी शिक्षकाचं बोलणं जवळपास शब्दाला शब्द उतरवत होते, आणि संकल्पनेच्या प्रश्नांत हातानं लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडले. नंतर २०१९ आणि २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा फरक इतका स्पष्ट आला नाही. म्हणजे 'वही जिंकली' असं छाती ठोकून सांगता येणार नाही. पण कॅनडातल्या २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं की वर्गात लॅपटॉपवर भलतंच काही उघडणाऱ्याचे गुण तर कमी येतातच, त्याची स्क्रीन दिसणाऱ्या मागच्या मुलांचेही कमी येतात.

माझी पद्धत साधी होती. वर्गात वही. गणिताची मांडणी, सर्किटच्या आकृत्या टाइप करून होत नाहीत. संध्याकाळी त्याच धड्याचा एका पानाचा सारांश लॅपटॉपवर, स्वतःच्या शब्दांत. वहीच्या पानांचे मोबाइलनं स्कॅन करून विषयवार फोल्डर. परीक्षेच्या आठवड्यात नाव टाकून शोधलं की सापडतं. टॅब्लेट आणि पेन हा चांगला पर्याय आहे, पण त्यावर प्रोग्रॅमिंगची, ड्रॉइंगची जड सॉफ्टवेअर चालत नाहीत. दोन्ही घ्यायची ऐपत नसेल तर आधी लॅपटॉप.

मराठीत नोट्स काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की चिन्हांचा कचरा दिसतो आणि शोधताही येत नाही. आणि इनस्क्रिप्ट शिकून घ्या. विंडोजमध्ये, लिनक्समध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून असतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, एवढं कळलं की पंधरा दिवसांत हात बसतो.

आणि कृपा करून नोट्स दोन ठिकाणी ठेवा. एक पेनड्राइव्ह पुरतो. लॅपटॉप पुन्हा घेता येतो, सेमिस्टरच्या नोट्स पुन्हा घेता येत नाहीत.

जुना घ्यायचा का?

घ्यायला हरकत नाही, डोळे उघडे ठेवून. कंपन्यांच्या ऑफिसमधून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक दणकट असतात. कीबोर्ड चांगला, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम, बॅटरी बदलता येते. पण विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. सहाव्या-सातव्या पिढीचा 'एकदम टकाटक' लॅपटॉप पंधरा हजारांत मिळतो तो याचमुळे. त्यावर लिनक्स टाकून मी आनंदानं काम करेन, पण ज्यांना टॅली किंवा रेव्हिट लागतं त्यांनी जाऊ नये. विकणाऱ्याला बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय?
२. रॅम खाचेत आहे की सोल्डर केलेली? स्लॉट मोकळा आहे का?
३. पॅनल आयपीएस आहे का, किती निट्स?
४. बॅटरी किती वॉट-अवर?
५. वॉरंटी ऑनसाइट असेल तर माझ्या गावाच्या पिनकोडवर माणूस येतो का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ऑनसाइट लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात लॅपटॉप घेऊन जालन्याला किंवा अकोल्याला जावं लागलं, तर एक दिवस, जाण्यायेण्याचं भाडं आणि बाबांचा बुडालेला रोज हेही किमतीतच धरा. कंपनीच्या हेल्पलाइनला पिनकोड सांगून आधीच विचारता येतं. आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्याच, वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.

तर, मामांचं काय झालं? पेरणी झाली. मामेबहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग मी माझा तो २०१६ चा लॅपटॉप काढला, पुसला, त्यावर लिनक्स मिंट टाकलं आणि गावाकडे निघालेल्या मित्राच्या हाती पाठवला. बिजागरी एका बाजूनं ढिलीच आहे, बॅटरी मेलेली आहे, वायर लावूनच चालतो. तिनं उघडल्या उघडल्या फोन केला, "दादा, याला भिंतीला टेकवायचं ना?"

आता ती त्यावर सी शिकायला लागली आहे. पहिला प्रोग्रॅम तिनं कसला लिहिला माहितीये? क्विंटल आणि भाव टाकला की लॅपटॉप परवडतो की नाही ते सांगणारा. दिवाळीला त्यात खरा भाव टाकून बघायचं आमचं ठरलंय.

प्रश्न असतील तर पाठवा. प्रश्नासोबत शाखा, बजेट आणि गावाचा पिनकोड लिहा, म्हणजे उत्तर नीट देता येईल. भेटू पुढच्या भागात!